नीट निवडलेली चुकीची शर्यत

१

भिंगरीचं नाव यादीत होतं, पण भलत्याच शर्यतीत.

रविवारच्या तिसऱ्या शर्यतीत, बाराशे मीटरच्या, ते असायला हवं होतं. तिथून ते कोणीतरी काढायला लावलं होतं आणि सहाव्या शर्यतीत घालायला सांगितलं होतं. सहावी दोन हजार मीटरची. भिंगरी जन्मात कधी एवढं लांब पळालेली नव्हती. नोंदणी बंद झाली होती, आता काही बदलता येणार नव्हतं.

हे मला भाचीने फोनवर सांगितलं. भाची माझी नव्हे, मास्तरांची. मास्तर म्हणजे घोड्यांचे ट्रेनर. भिंगरी त्यांच्याच तबेल्यातली घोडी. भाची त्यांच्या हाताखाली काम करते, आणि माझी बायको होती तेव्हा आमच्याकडे जेवायला यायची.

मी रेसकोर्सवर तपासनीस होतो. कोणी घोड्याला काही टोचलं, कोणी जॉकीला फितवलं, की मला बोलवायचे. निवृत्त झालो त्याच सुमारास बायको आजारी पडली आणि गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून माझा फोन वाजला तर बहुतेक राँग नंबर असतो. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी तिचा आवाज ऐकून आधी बरं वाटलं, मग ती रडते आहे हे कळलं.

"काका, मी नाही केलं."

"तू केलंस असं कोण म्हणतं?"

"कारकून. म्हणतो, नोंद बदलायचा फोन बाईमाणसाचा होता आणि तबेल्याचा खुणेचा शब्द बरोबर सांगितला. आमच्याकडे बाईमाणूस मी एकटी."

"मास्तर काय म्हणतात?"

"काही म्हणतच नाहीत. तेच तर."

मास्तरांचे गुडघे गेले होते. ते या मोसमानंतर थांबणार होते आणि तबेला भाचीकडे येणार होता. त्यासाठी तिला स्वतःचा परवाना हवा होता, आणि परवान्याची कमिटी शनिवारी सकाळी बसणार होती. खोटी नोंद करणाऱ्याला कमिटी परवाना देत नाही. आज नाही, आणि कधीच नाही.

"कारकुनाने लेखी दिलंय," ती म्हणाली. "माझं नाव घालून."

२

शुक्रवारी सकाळी रेसकोर्सवर गेलो. नोंदणीचा कारकून जुना ओळखीचा. मला बघून त्याने खुर्ची पुढे केली आणि लगेच घड्याळाकडे पाहिलं.

"बुधवारी, नोंदणी बंद व्हायच्या जरासं आधी आला फोन," तो म्हणाला. "आवाजात घाई नाही, घाबरणं नाही. भिंगरीला तिसरीतून काढा, सहावीत घाला. मी विचारलं, जॉकी कोण? तर म्हणाली, मामा."

मामा हा म्हातारा जॉकी. चाबूक हातात धरायचा, पण मारायचा कधी नाही.

"मी हसलोच. म्हटलं, मामा कधीच उतरले घोड्यावरून, आता नातवंडांना पाठीवर घेतात. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, तर मग हलक्या हाताचा कोणीतरी बघा. म्हटलं, जॉकी शोधून देणं माझं काम नाही, मागाहून कळवा. साज विचारला तर म्हणाली, नेहमीचाच, जिभेची पट्टी. झालं. ठेवला."

पळताना जीभ मागे सरकून श्वास अडू नये म्हणून काही घोड्यांची जीभ मऊ पट्टीने खालच्या जबड्याला बांधतात. बांधणार असाल तर आधी कळवावं लागतं.

"आणि आवाज भाचीचाच होता?"

"मास्तरांच्या तबेल्यातून बोलणारी बाई म्हणजे तीच ना? दुसरी कोण असणार?"

"म्हणजे तू आवाज ओळखला नाहीस. अंदाज बांधलास."

"अंदाज म्हणा," तो म्हणाला. "पण तो लिहून दिलाय, साहेब. आता मागे घेतला तर माझीच नोकरी जाईल."

३

तबेल्यात मास्तर उलट्या बादलीवर बसले होते. गुडघ्याला शेकायची पिशवी बांधली होती. भिंगरी मागच्या खणात दाणा खात होती. मास्तर मला म्हणाले, "तू कशाला आलास? घरी बस की."

"घरी बसूनच होतो," मी म्हणालो. "मला एक समजावून सांगा. तुम्ही घोड्याला शर्यत निवडता कशी?"

ते हसले. कामाबद्दल विचारलं की माणूस खुलतो.

"स्थळ बघण्यासारखं आहे. उंची जुळते, पगार जुळतो, आणि मग कळतं मुलगा घोरतो. अंतर झेपलं पाहिजे. पाठीवर वजन किती ठरवून देतात ते बघायचं. समोर कोण कोण आहे, जमीन कडक आहे की मऊ, वळण कसं आहे. आणि सगळं जुळलं तरी मागच्या शर्यतीनंतर घोडं दाणा टाकत असेल तर नावच घालायचं नाही. दर वेळी जिंकायलाच पाठवतात असंही नाही. कधी शिकायला पाठवतात, कधी नुसते पाय मोकळे करायला."

"हरवायला?"

"हरवायला म्हणून मी शर्यत अजून निवडली नाही."

"निवडायची झाली तर? भिंगरीला हरवायचं, पण तिच्या केसाला धक्का लागू द्यायचा नाही."

त्यांनी चष्मा लावला, रविवारचा कार्यक्रम मांडीवर घेतला आणि बोट खाली नेत नेत थांबवलं. बराच वेळ बोट हललं नाही.

"च्यायला," ते म्हणाले.

"काय?"

"हीच. सहावी. घोडे मोजके, म्हणजे गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. हिरवळीवर आहे, जमीन मऊ. वळण रुंद. तिच्या पाठीवर सगळ्यांत कमी वजन. ती मागे पडेल, जॉकी तिला सावकाश घेऊन येईल, आणि संध्याकाळी ती इथे दाणा खात असेल. ज्याने कोणी हे केलं त्याने अगदी जीव लावून निवडलीय."

"असं निवडू शकणारी माणसं किती?"

"इथे? दोन. एक मी." त्यांनी अंगणात बघितलं. भाची एका घोड्याचा खूर मांडीत धरून खरवडत होती. "भांडत होती माझ्याशी महिनाभर. मागच्या साली भिंगरीच्या घशाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून हिचं एकच, की ती आता लांबची पळेल. पट्टीसुद्धा तिनेच काढून टाकायला लावली. मी म्हटलं, म्हातारपणी मला प्रयोग नकोत. सगळ्या तबेल्याने ऐकलंय ते भांडण."

मग हळूच म्हणाले, "म्हणून मी गप्प आहे रे. बोललो तर तिच्याविरुद्धच जाईल."

४

भिंगरीवर जो नेहमी बसतो तो जॉकी तरुण आणि तोंडाचा फटकळ. भिंगरी तिसरीतून निघाली आणि तिसरीतल्याच दुसऱ्या चांगल्या घोड्यावर त्याला लगेच बोलावणं आलं. फायदा झालेला हा एकटाच दिसत होता.

"माझ्या बायकोकडून फोन करवला म्हणता?" तो म्हणाला. "काका, ती माझ्याशी फोनवर धड बोलत नाही, कारकुनाशी काय बोलणार! आणि मी भिंगरीला सहावीत कशाला घालीन? सहावीत मला आधीच घोडा आहे. चौथीत घातली असती, चौथीत मी रिकामा आहे. दोन्ही माझ्याच झाल्या असत्या."

हे बरोबर होतं. प्रत्येकाने आपल्या सोयीची शर्यत निवडली असती.

घोड्यांची डॉक्टर हातमोजे धूत होती. भिंगरीच्या घशाचं ऑपरेशन तिनेच केलं होतं. आधी घोडी थोडं पळाली की घशातून घरघर यायची, पुढे श्वास पुरायचा नाही. आता पुरत होता.

"तिने लांब पळावं असं मलाही वाटतं," ती सरळ म्हणाली. "माझे टाके कसे आहेत ते बाराशे मीटरला कळत नाही. पण मी फोन केला असता तो मास्तरांना, आणि शिव्या खाऊन गप्प बसले असते."

शेवटी मालकीणबाईंकडे गेलो. मालक दोन वर्षांपूर्वी वारले. घोडी बाईंच्या नावावर झाली, व्यवहार मुलं बघत. बाई तबेल्यावर येतच नसत. मोठ्या घरात एक खोली तेवढी वापरात दिसली. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि एका खुर्चीकडे मी वळलो तसं पटकन म्हणाल्या, "ती नको. ही घ्या."

"रविवारी घोडी जिंकली तर लांबचे कोणी लोक विकत घेणार आहेत म्हणे?"

"मुलांनी ठरवलंय. ते लोक बघायला येणार होते. आता सगळं बिघडलं म्हणून चिडलेत."

"तुम्हाला कोणाचा संशय?"

"मला घोड्यातलं काय कळतं? ते दोघे, हे आणि मास्तर, इथे टेबलाशी बसायचे तासन्‌तास. मी चहा द्यायची." दाराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "गारठा पडलाय. तिच्या घशाला वारा लागू देऊ नका म्हणावं."

मी "सांगतो" म्हणालो आणि बाहेर पडलो. सगळ्यांशी बोलून झालं होतं. हाती काही नव्हतं, आणि कमिटी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

५

जिना चढताना शेजारी भेटले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "काय, मुलाच्या नोकरीचं झालं का कुठे?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, लागली, सुटली, आणि आता दुसरी लागलीय. तो दुसऱ्या गावी असतो. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. घरात येऊन बूट न काढताच बसलो.

जिन्यातल्या बातम्या माझ्याकडे बायकोकडून यायच्या. कोणाचा मुलगा, कोणाचं दुखणं, कोणाचं भांडण मिटलं. मी कधी कोणाला विचारलं नाही, विचारायची गरज पडली नाही. ती गेली आणि बातम्या तिथेच थांबल्या. माझ्या डोक्यात शेजाऱ्यांचा मुलगा अजून अर्ज टाकत बसला होता.

आणि मग मला कारकुनाचं बोलणं आठवलं.

फोनवरच्या बाईने मामाला मागितलं होतं. मामाने घोड्यावर बसणं सोडलंय हे भाचीला ठाऊक होतं, जॉकीला होतं, डॉक्टरला होतं, कारकुनालाही होतं. फोन करणारीला नव्हतं. तिने जिभेची पट्टी सांगितली होती, आणि ती "नेहमीची" म्हणून. पट्टी ऑपरेशननंतर भाचीनेच काढायला लावली होती. भिंगरीने लांब पळावं म्हणून भांडणारी पोरगी पट्टी सांगणार नाही. डॉक्टर तर नाहीच नाही. ज्याला भिंगरीचा घसा अजून खराब वाटतो तोच पट्टी सांगेल. ज्याला तसं वाटतं तोच म्हणेल की दोन हजार मीटर ती पुरी करणार नाही, बिनधोक हरेल.

त्या बाईला घोडी पुरती माहीत होती. शर्यत कशी निवडायची तेही माहीत होतं. फक्त तिच्याकडच्या बातम्या कधीतरी थांबल्या होत्या.

घशाला वारा लागू देऊ नका म्हणावं.

मी उठलो. बूट पायातच होते.

६

त्यांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून बाजूला झाल्या.

"बाई, खुणेचा शब्द तुम्हाला कुठून कळला?"

"तो यांनीच ठेवलेला. याच फोनवरून सांगायचे. तो बदलला नसेल असं वाटलं, आणि नव्हता बदलला."

"आणि शर्यत?"

"इतकी वर्षं चहा देत होते, तो काय कानात बोळे घालून? हे म्हणायचे वजन, मास्तर म्हणायचे वळण. दोघे चुकायचे तेव्हा मला आधी कळायचं. मला कधी कोणी विचारलं नाही, मी कधी बोलले नाही." त्या खुर्चीत बसल्या. "जिंकली असती तर नेली असती तिला. हरली की ते लोक हात लावणार नाहीत, मुलांचाही रस जाईल. मग राहील माझ्याकडे. यांच्या समोर जन्मलेली आहे ती. तिला इजा होऊ नये एवढं मी बघितलं."

"बघितलंत. म्हणूनच सापडलात. बाई, तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय. मागच्या साली."



"कोणी सांगितलं नाही मला."

"मुलांना वाटलं असेल, तुम्ही काळजी कराल."

"काळजीसाठी दुसरं काय आहे माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मास्तरांच्या भाचीवर आलंय म्हणता?"

"उद्या सकाळी कमिटी आहे. तिचा परवाना जाईल."

"आणि मी सांगितलं तर?"

मी खोटं बोललो नाही. "ट्रेनरच्या नावाने खोटी नोंद करणाऱ्या मालकाच्या नावावर घोडा ठेवत नाहीत. भिंगरी विकावी लागेल. जी ठेवायला म्हणून हे केलंत, तीच जाईल."

"भलतेच हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "निदान चहा तरी घेऊन मग सांगायचंत."

 मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "सकाळी घोडे फिरवतात तेव्हा मला न्याल का तिकडे? मग बघू."

७

उजाडताना आम्ही कुंपणाशी उभे होतो. धुकं होतं. घोडे एकामागून एक येत होते, आधी टापा ऐकू यायच्या, मग दिसायचे. बाई दोन्ही हातांनी कठडा धरून होत्या.

"ती आली की दिसायच्या आधी कळतं," त्या म्हणाल्या. "घशाची घरघर यायची ना. हे डोळे मिटून उभे राहायचे. म्हणायचे, आली बघ आपली."

एक घोडी आली. काळी, मान लांब करून, सरळ एका लयीत पळणारी. तिचा श्वास टापांबरोबर मोकळा येत होता. ती समोरून गेली आणि धुक्यात शिरली.

"ही छान आहे," बाई म्हणाल्या. "कोणाची?"

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ती गेली त्या दिशेला पाहिलं. टापा ऐकू येईनाशा होईपर्यंत पाहत राहिल्या.

"किती वाजता बसते तुमची कमिटी?" त्यांनी विचारलं.

त्या आत एकट्याच गेल्या. मी, मास्तर आणि भाची बाहेर बाकावर बसलो. मास्तर गुडघा चोळत होते, भाची नखं खात होती. आधी बाई बाहेर आल्या. घोडा बाळगायची त्यांना कायमची बंदी झाली होती, भिंगरीचं रविवारचं नाव रद्द झालं होतं. मग भाचीला आत बोलावलं. ती परत आली तेव्हा हातात परवाना होता, आणि चेहरा असा की आता कोणावर ओरडावं हे तिला कळत नव्हतं.

ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "दोन रात्री झोपले नाही मी तुमच्यापायी."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"एकदा मला येऊन विचारायचं होतंत. नुसतं विचारायचं." मग ती म्हणाली, "आणि शर्यत तरी कसली निवडलीत! इतक्या कमी वजनाने, त्या सहा घोड्यांत, या घशाने... ती जिंकली असती बाई."

मास्तर म्हणाले, "उगाच काहीतरी बोलू नकोस." पण मान हलवत म्हणाले.

"म्हणजे मी गप्प बसले असते," बाईंनी विचारलं, "तरी रविवारी त्या लोकांनी नेलीच असती?"

"मला तरी तसंच वाटतं."

बाई हसल्या. मोठ्याने, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुलांनी गाडी पाठवली होती, ती त्यांनी परत धाडली. चालत जाते म्हणाल्या. मी फाटकापर्यंत बरोबर गेलो. तिथून त्यांचं घर एका बाजूला, माझं दुसऱ्या. त्यांनी नमस्कार केला, मी केला, आणि आम्ही आपापल्या वाटेने गेलो.